साखळी क्रमांक

कालव्याला मैलाचे दगड नसतात,
साखळी क्रमांक असतात.
साखळी एकशे बारापर्यंत माझा शब्द चालतो,
म्हणजे चालायला हवा, असं कागदावर आहे.
माझ्या वर शाखा अभियंता, त्यांच्या वर कार्यकारी,
आणि पार वर, नाशिक-नगरच्या धरणांवर,
किती पाणी त्यांचं, किती खाली सोडायचं,
याच्या तारखा पडतात.
त्या आम्ही पाथरीत पेपरात वाचतो.

माझ्याकडे लाखेची कांडी, काडीपेटी, सुतळी,
पितळी मोहर, पंचनाम्याचे कोरे फॉर्म
आणि चौकीदार मुंजाजी,
जो मार्चात रिटायर होतोय
आणि ज्याला तोवर कुणाशी वाकडं घ्यायचं नाही.

साखळी अठ्ठ्याण्णव. काठावर सात मोटारी.
काळे पाईप पाण्यात तोंड घालून
जनावरांसारखे, बिनघोर.
सहा मालक घरी नव्हते. त्यांच्या पेट्या
आम्ही गैरहजेरीत सील केल्या, भराभर.
सातवा घरी होता,
कारण सातवा माझा मावसभाऊ.

"कामून आलीस? चहा टाकायला सांगू?"
मी म्हणाले, किशनदादा, कलम लावावं लागेल.
तो हसला. हात मागं केला.
"म्या बी कलमंच लावलीत. अडीचशे. मोसंबीची.
तुझं कलम बिनपाण्याचं जगतं, बाई."

शहात्तर सालच्या त्या कायद्यात
दार उचकटणाऱ्याला कलम आहे,
भराव फोडणाऱ्याला आहे,
पाणी वळवणाऱ्याला तर आहेच.
तीन वर्षं टँकरनं जगवलेल्या झाडापाशी
उभं राहून काय बोलायचं,
ते कुठल्याच पोटकलमात सापडलं नाही.

मी एवढंच म्हणाले, टेलला चार वर्षं थेंब नाही.
तो म्हणाला, टेलवाल्यांनी टेलला जमिनी घेतल्या कशाला?
मग स्वतःच गप्प झाला.
घेतल्या नव्हत्या. कालवा नंतर आला,
आणि कुणाचं रान शेपटाला येईल
हे लाल शाईनं ठरलं,
आमच्या दोघांच्या जन्माआधी.

वारा होता. काडी विझली.
दुसरी विझली. तिसरी.
मुंजाजी आपल्या चपलांकडे बघत राहिला.
चौथीला किशनदादानंच
दोन्ही तळव्यांचा आडोसा केला.
लाख वितळली. स्टार्टरच्या पेटीवर, सुतळीच्या गाठीवर
लाल थेंब, आणखी एक.
मोहरेतली अक्षरं उलटी असतात,
दाबल्यावर सुलटी उमटतात: पाटबंधारे.

"आता पाण्यात पाहशील मला," मी म्हणाले.
"पाणी ठेवलंस कुठं?" तो म्हणाला,
आणि पंचनाम्यावर सही केली,
पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट.

टेलला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.
मापनपट्टी कोरडी, रंगाचे पोपडे निघालेले.
भारजाबाई टेंगसे भरावावर बसलेली,
मांडीवर कॅरीबॅग. तिच्यात
सात नंबरचे अर्ज, दर हंगामाचा एक,
आणि न मिळालेल्या पाण्याच्या पावत्या,
पैसे भरल्याच्या.

रात्री दोन चाळीसला आधी गवत हललं.
मग पाचोळा आला, एक रबरी चप्पल,
पुड्यांची रिकामी पाकिटं,
आणि त्यांच्या मागून पाणी.
मी बॅटरी धरली. सात सेंटिमीटर.
तिनं आभार मानले नाहीत.
म्हणाली, "आधी लिहून घ्या."
लिहिलं. तारीख, वेळ, खोली.
ती म्हणाली, "माझं नाव बी लिहा.
उद्या कुणी म्हनंल, आलंच नव्हतं."
त्या रकान्यात नावाला जागा नव्हती.
समासात लिहिलं, आडवं.

सकाळी मुंजाजीचा फोन.
मॅडम, सातव्या पेटीची लाख शाबूत आहे.
मी विचारलं, आणि बाकीच्या सहा?
हॅलो, तो म्हणाला, हॅलो,
कालव्यावर रेंज नाही, आवाज तुटतोय तुमचा.